रोजचे दोन तास कोणाचे? दिव्यांगांचे स्वतंत्र जगणे आणि सरकारी निधी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या माणसांना शक्य तितके स्वतंत्रपणे आणि आपल्याच लोकांजवळ जगता यावे, हा त्या कायद्याचा उद्देश होता. जिल्ह्याने आणि त्या उद्देशाने, दोघांनीही आता पंचविशी ओलांडली आहे. या काळात पैसा वाढला, योजना वाढल्या, राज्यात खातेही वेगळे झाले. तरी आमगाव किंवा सडक अर्जुनी तालुक्यातल्या एखाद्या गावात ज्याला अंथरुणातून उठायला, न्हाणीपर्यंत जायला, कपडे घालायला दुसऱ्याचा हात लागतो, त्या हाताचे दाम कोणी द्यायचे, याचे थेट उत्तर राज्याच्या प्रमुख योजनांत सापडत नाही. गेल्या काही वर्षांतले बहुतेक वाद फिरून याच जागी येतात. म्हणून हा आढावाही या प्रश्नाभोवतीच घेतला आहे.

मागची वाट

दिव्यांग माणसाने कुठे राहायचे, कधी उठायचे, कोणाच्या मदतीने जगायचे हे त्याने स्वतः ठरवावे, या मागणीची चळवळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात उभी राहिली. पोलिओमुळे मानेखाली लुळा पडलेला विद्यार्थी एड रॉबर्ट्स आणि त्याच्या सोबत्यांनी १९७२ मध्ये तिथे पहिले ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ काढले. १९७८ मध्ये अमेरिकी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. स्वीडनने १९९४ पासून वैयक्तिक साहाय्यक हा कायदेशीर हक्क केला. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने पैसा थेट व्यक्तीच्या हाती देण्याची वाट मोकळी केली. मात्र त्याच ब्रिटनने तीव्र दिव्यांगांसाठीचा स्वतंत्र निधी जून २०१५ मध्ये बंद करून जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. एकदा मिळालेला हक्क अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत मागे घेतला जाऊ शकतो, हे आपल्याकडच्या चर्चेत फारसे कोणी लक्षात घेत नाही.

आपल्याकडची वाट वेगळी होती, आणि विदर्भात तर ती आधी कुष्ठरोग्यांच्या वसाहतींतून गेली. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारले. समाजाने बाहेर काढलेल्यांनी एकत्र येऊन शेती, सुतारकाम, विणकाम करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, ही त्यामागची कल्पना. ती स्वावलंबनाची होती, पण वसाहतीच्या कुंपणाच्या आतली. पुढे राज्याने अनुदानित विशेष शाळा आणि कार्यशाळांची घडी बसवली. मूल सहा वर्षांचे झाले की शाळा, अठराचे झाले की घरी, अशी ती घडी. १९८१ या आंतरराष्ट्रीय दिव्यांग वर्षात केंद्राने साधनसाहित्य देणारी योजना सुरू केली. कुबड्या, तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे तिच्यातूनच येऊ लागली.

या वाटेवरचा एक फाटा आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. १९८० च्या दशकात केंद्राने काही जिल्ह्यांत जिल्हा पुनर्वसन केंद्रांचा प्रयोग केला. महाराष्ट्रात त्यासाठी विरार निवडले गेले. त्या अनुभवावर १९९९-२००० मध्ये दिव्यांग पुनर्वसनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. ग्रामपंचायतीच्या पातळीवर दोन प्रशिक्षित कार्यकर्ते, तालुक्याला बहुउद्देशीय कार्यकर्ते, जिल्ह्याला संदर्भ केंद्र, अशी त्याची रचना होती. कार्यक्रम राज्यांकडे सोपवल्यावर तो विझला. गावात माणूस नेमण्याची गोष्ट आज नवी म्हणून मांडली जाते, तेव्हा तिचा एक नकाशा सरकारच्याच कपाटात आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर १ ऑक्टोबर २००७ रोजी शिक्कामोर्तब केले. त्या कराराचे १९ वे कलम स्वतंत्रपणे आणि समाजात जगण्याच्या हक्काचे आहे. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. पाचवे कलम समाजात जगण्याचा हक्क देते आणि घरपोच, निवासी व इतर आधारसेवांचा उल्लेख करते. चोविसावे कलम सामाजिक सुरक्षेचे आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी असे ते सांगते, आणि ज्यांची आधाराची गरज जास्त आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचे नाव घेते. पण याच कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी सोयीची चौकट आहे. नऊ वर्षांचा सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालू आहे.

पैसा आज कोणकोणत्या वाटांनी येतो

गावाकडे ‘निराधाराचे पैसे’ म्हणून ओळखली जाणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना ही सर्वांत मोठी वाट. ती १९८० पासून चालू आहे. महिन्याची रक्कम ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. ऐंशी टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीसाठी केंद्र त्यात ३०० रुपये घालते. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. विधवा, निराधार आणि दिव्यांग यांना सारखीच रक्कम मिळत असल्याने २५ टक्के जास्तीची तरतूद कागदावरच राहिली, असा आक्षेप संघटना सातत्याने घेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेतही १,५०० रुपयेच मिळू लागल्यावर तो आक्षेप आणखी ठळक झाला. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला केलेल्या उपोषणात शेतकरी कर्जमाफीसोबत दिव्यांगांना महिना ६,००० रुपयांची मागणी होती. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी रक्कम २,५०० केली आणि ऑक्टोबरपासून ती लागू झाली.

२५ टक्क्यांचे गणित त्यामुळे आता जुळते. मदतीच्या हाताचे जुळते का, हे वेगळे पाहावे लागते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे २,५०० रुपये हे महिन्यातल्या आठ रोजांचे दाम. त्यातून औषध, एसटीचे भाडे आणि घरखर्चाला हातभार निघतो. रोज सकाळ-संध्याकाळ येणारा माणूस निघत नाही. शिवाय दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. नवरा-बायको दोघांनी याच दराने वर्षात शंभर-शंभर दिवस काम केले, तरी ६२,४०० होतात. ज्या घरात दोघे राबतात त्याच घरात मागे राहिलेल्या माणसाला मदतीची गरज असते, आणि नियमाने बघितले तर तेच घर अपात्र ठरते. तहसीलच्या दाखल्यांत हे कसे जुळवले जाते, ते लाभार्थीही जाणतात आणि कारकूनही.

दुसरी वाट स्थानिक स्वराज्य संस्थांची. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या स्वउत्पन्नातला ठरावीक हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. २०१६ च्या कायद्यानंतर तो तीनवरून पाच टक्के झाला. कागदावर ही सगळ्यांत लवचीक रक्कम आहे, कारण गावाला गरज ओळखता येते. अडचण उत्पन्नाची. एखाद्या लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला दोन लाख जमली असे धरा, पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर वाट्याला वर्षाला पाचशे येतात. त्यामुळे हा निधी एक तर दिवाळीच्या सुमारास रोख वाटला जातो, नाहीतर वस्तूंत जातो, नाहीतर पडून राहतो. देवरी किंवा सालेकशाच्या जंगलपट्टीतल्या ग्रामपंचायतीला शहराजवळच्या ग्रामपंचायतीइतके करउत्पन्न कुठून मिळणार? जिथे गरज जास्त तिथे पाच टक्के कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगता येतात. साधनसाहित्याच्या शिबिरांतून सायकली मिळतात. बॅटरीवर चालणारी सायकल बिघडली की दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न शिबिरासोबत येत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तर ‘घरौंदा’त प्रौढांसाठी सामूहिक घर आणि ‘सहयोगी’त काळजीवाहूंचे प्रशिक्षण. ही केंद्रे चालवायला नोंदणीकृत संस्था लागते, आणि अशा संस्था नागपूर-पुण्याकडे दाटलेल्या आहेत. विशेष शाळांच्या अनुदानात मुख्य खर्च पगाराचा असतो आणि तो अठराव्या वर्षी थांबतो.

या सगळ्यात सोबत्याची दखल सरकार दोनच ठिकाणी सहज घेते. रेल्वे काही प्रकारच्या दिव्यांगांच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत देते. आणि दिव्यांग अवलंबिताचा सांभाळ करणाऱ्या करदात्याला प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. प्रवासात सोबती दिसतो, करपात्र उत्पन्न असेल तर दिसतो. रोवणीला जायचे सोडून घरी थांबलेली आई या दोन्ही खान्यांत बसत नाही.

गोंदियाचे वेगळेपण

या जिल्ह्याचा विचार करताना दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. पहिली शेतीचा आणि मजुरीचा हंगाम. हा धानाचा मुलूख. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीनंतर कापणी-मळणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि मध्ये अनेकांचे बाहेरगावी मजुरीला जाणे. ज्या महिन्यांत घरातला प्रत्येक हात शेतात लागतो, त्याच महिन्यांत घरातल्या मदतीची किंमत सर्वांत जास्त असते. वर्षभर सारखी असलेली पेन्शन हे चढउतार ओळखत नाही.

दुसरी गोष्ट सिकलसेल. पूर्व विदर्भात या रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि २०१६ च्या कायद्याने हिमोफिलिया व थॅलेसेमियासोबत त्याला दिव्यांगत्वाचा दर्जा दिला. जुलै २०२३ मध्ये केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे अभियानही सुरू केले. पण दर्जा मिळाला तरी सरकारी नोकऱ्यांतले चार टक्के आरक्षण रक्तविकारांना नाही. प्रमाणपत्रावर ४० टक्के बसतात की नाही, यावर बाकीचे लाभ टांगलेले असतात. मुळात हा आजार टक्केवारीत मावणारा नाही. आठवडेच्या आठवडे माणूस कामावर जातो आणि मग वेदनेच्या झटक्यात चार-सहा दिवस अंथरुणातून उठू शकत नाही. त्याला रोजचा साहाय्यक नको असतो, त्या चार-सहा दिवसांचा हवा असतो. स्वतंत्र जगण्याच्या सेवांची जगभरची रचना कायमच्या, स्थिर गरजेवर बेतलेली आहे. गोंदियातून या चर्चेत काही नवे जायचे असेल तर ते इथून जाईल, असे मला वाटते.

प्रमाणपत्राची पायरीही हलकी नाही. २०१६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले कुंवर तिलकसिंह रुग्णालय गोंदिया शहरात आहे, तर अर्जुनी मोरगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. तपासणीला जाणे म्हणजे सोबत्याचाही एक रोज बुडणे. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. यंत्रणेच्या दृष्टीने ती व्यवहार्य, अर्जदाराच्या दृष्टीने लांबलेली.

मतांचे प्रवाह

पहिला प्रवाह म्हणतो, पैसा माणसाच्या हाती द्या. त्याला काय हवे ते त्याला कळते. मध्ये संस्था आली की अनुदान पगारात आणि इमारतीत जिरते. या बाजूचे लोक आंध्र प्रदेशकडे बोट दाखवतात. तिथे २०२४ पासून दिव्यांगांना महिना ६,००० आणि पूर्णतः परावलंबी, अंथरुणाला खिळलेल्यांना १५,००० रुपये मिळतात. रक्कम मोठी आहेच, पण गरजेनुसार पायऱ्या केल्या आहेत हे जास्त महत्त्वाचे. महाराष्ट्रात ४० टक्के आणि ९० टक्के दिव्यांगत्वाला आज एकच दर आहे. या मतावरचा आक्षेप असा की विकत घ्यायला सेवाच नसेल तर पैसा घरखर्चात विरघळतो, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या नावाचे पासबुक तिच्या हाती क्वचितच असते.

दुसरा प्रवाह सेवा उभ्या करण्याचा. तालुक्याला प्रशिक्षित साहाय्यक, फिरते थेरपिस्ट, दुरुस्ती केंद्र. तमिळनाडूने जागतिक बँकेच्या साहाय्याने अशी एकछत्री केंद्रे उभारायला घेतली आहेत. आशा आणि अंगणवाडीच्या जाळ्याचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात हे अशक्य नाही, असे या बाजूचे म्हणणे. पण तो अनुभव दोन्हीकडून बोलतो, कारण आशा स्वयंसेविका कर्मचारी की मानधनी, हा वाद अजून मिटलेला नाही. साहाय्यकांचेही तेच झाले तर एका गरीब माणसाचे स्वातंत्र्य दुसऱ्या गरीब बाईच्या अपुऱ्या मोबदल्यावर उभे राहील.

तिसरे मत पालकांचे, आणि ते बहुतेकदा एकाच प्रश्नात येते: आमच्यामागे कोण? त्यांना सामूहिक घरे, कायमस्वरूपी संस्था हव्या आहेत. अचलपूर तालुक्यातल्या वज्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, वाढवले, आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना तिथेच राहता यावे यासाठी कायदा करा असा धोशा लावला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाला. कायद्याची मागणी अजून शिल्लक आहे. या मताच्या समोर हक्कवादी कार्यकर्ते उभे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१७ मध्ये १९ व्या कलमाचा अर्थ लावताना सांगितले की लहान सामूहिक घरातही जेवणाची वेळ, सोबती आणि दिनक्रम दुसराच ठरवत असेल तर ती संस्थाच. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक व मानसिक दिव्यांगांच्या निवासी संस्थांची देशव्यापी पाहणी राष्ट्रीय विधी विद्यापीठांमार्फत करण्याचे आदेश दिले, तेव्हाही रोख समाजात परत आणण्याकडेच होता. पण परत कुठे आणायचे, त्या गावात काय आहे, हे पालक विचारतात तेव्हा त्यांना प्रतिगामी म्हणून सोडून देता येत नाही.

चौथे मत कुटुंबालाच मोबदला द्यावा असे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये दिले जातात. रक्कम तुटपुंजी असली तरी श्रम ओळखले गेले, असे समर्थक म्हणतात. स्त्रीवादी अभ्यासकांची शंका अशी की यातून मुलगी, सून किंवा आई त्या कामाला अधिकच बांधली जाईल. काही दिव्यांग तरुणांची शंका त्याहून सरळ आहे: घरच्यांकडूनच मदत घ्यायची असेल, तर लग्न, नोकरी, बाहेर फिरणे याबाबतचा निर्णय माझा कसा राहील?

या चारही मतांना एक आकडा अडचणीत टाकतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे २०१८ मध्ये, देशातल्या ६२.१ टक्के दिव्यांगांना काळजी घेणारे कोणीतरी होते, आणि काळजीवाहू हवा पण मिळत नाही असे फक्त ०.३ टक्क्यांनी सांगितले. सरकारकडून काही मदत मिळाली असे २१.८ टक्के म्हणाले. पहिल्या दोन आकड्यांवरून वित्त खाते म्हणू शकते की गरजच नाही. माझे वाचन वेगळे आहे. घरात माणूस आहे म्हणून ‘मिळत नाही’ असे कोणी सांगत नाही. तो माणूस काय सोडून तिथे बसला आहे, हे त्या प्रश्नावलीत विचारलेलेच नव्हते.

काय उरले आहे

मोजणीपासूनच सुरुवात करावी लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग होते, पण तेव्हा प्रकार आठच मोजले होते. सिकलसेल, स्वमग्नता हे वेगळे मोजलेच गेले नाहीत. त्या आकड्यांवर आजचे नियोजन टेकलेले आहे.

दुसरे, जास्त आधाराची गरज कोणाला हे ठरवण्याची पद्धत. कायद्याच्या ३८ व्या कलमात त्यासाठी मूल्यांकन मंडळ आहे, २०१९ मध्ये केंद्राने नियमही केले. ही मंडळे जिल्ह्याजिल्ह्यांत चालू झाल्याशिवाय काळजीवाहू भत्त्याची पात्रता ठरू शकत नाही, आणि भत्ताच नाही तर मंडळाकडे अर्ज कशाला करायचा, असा हा फेरा आहे. वैद्यकीय टक्केवारीऐवजी रोजच्या मदतीचे तास मोजायचे झाले, तर ते डॉक्टरांनी मोजायचे की गावातल्या कार्यकर्त्याने, यावरही एकमत नाही.

तिसरे, निर्णय कोणाचा. राष्ट्रीय न्यास कायदा जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीमार्फत पालक नेमतो. २०१६ चा कायदा व्यक्तीची कायदेशीर क्षमता मान्य करून मर्यादित पालकत्वापुरतेच बोलतो. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत. बँकेच्या खिडकीवर मात्र पहिल्याचाच आधार मागितला जातो, असा पालकांचा अनुभव आहे.

शेवटचे खात्यांचे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला आणि पुढच्या वर्षी तो ‘दिव्यांगांच्या दारी’ नेणारी शिबिरेही घेतली. पण निराधाराचे पैसे सामाजिक न्याय विभागाचे आणि वाटप तहसीलदारांचे, पाच टक्के ग्रामविकास व नगरविकासाचे, प्रमाणपत्र आरोग्य व वैद्यकीय शिक्षणाचे, सिकलसेलचे औषध पुन्हा आरोग्याचे. वैयक्तिक साहाय्यकाचा खर्च उद्या मंजूर झालाच, तर तो नव्या विभागाच्या लेखाशीर्षावर पडेल की तहसीलच्या पेन्शनला जोडला जाईल, यावर अजून चर्चाही सुरू झालेली नाही. पेन्शनला जोडला तर पन्नास हजारांची अट त्यालाही लागेल.